मरणांचा हिशेब आणि भरवशाचं रुग्णालय



गटाची बैठक असो की बाजारचा दिवस, चार बाया एकत्र आल्या की एक प्रश्न हमखास निघतो : बाळंतपणाला, नाहीतर मोठ्या दुखण्याला, माणसाला न्यावं कुठं? कुणी म्हणते जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात न्या, तिथं सगळी सोय आहे. कुणी म्हणते तिथं नको गं बाई, आमच्या नात्यातली तिथंच गेली. एका मरणाची गोष्ट दहा गावांत पोचते. त्याच दवाखान्यातून हजार जणी बाळ कुशीत घेऊन सुखरूप घरी येतात, त्याची मात्र गोष्ट होत नाही. मग दवाखाना भरवशाचा आहे की नाही, हे ठरवायचं कसं? ऐकीव गोष्टींवर? भिंतीच्या रंगावर? की डॉक्टरांच्या नावावर?

हाच प्रश्न जगात गेली पावणेदोनशे वर्षं लोक विचारत आले आहेत. काहींनी त्याचं उत्तर आकड्यांत शोधलं. त्या शोधाची हकिगत आज आपण ऐकणार आहोत. तिच्यात डॉक्टर आहेत, गणिती आहेत आणि आपल्यासारख्या बायाही आहेत. आकडे म्हटलं की आपल्यातल्या निम्म्या जणी पदर सावरून उठायला बघतात. पण बचत गटाचं व्याज ज्यांना कळतं, त्यांना यातलं काहीच अवघड नाही.

एकाच आवारातले दोन विभाग

सुरुवात करू या युरोपातल्या व्हिएन्ना शहरापासून. तिथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात १८४० च्या दशकात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात शिकाऊ डॉक्टर बाळंतपणं करायचे, दुसऱ्यात सुईणी. बाईनं कुठल्या विभागात जायचं हे तिच्या हातात नसे, ते वारावर ठरे. आज पहिल्या विभागाची पाळी, उद्या दुसऱ्याची.

पहिल्या विभागात शंभरातल्या दहाच्या आसपास बाया बाळंतज्वरानं मरत. दुसऱ्यात चारांहून कमी. शहरातल्या गरीब बायांना हे पुरतं ठाऊक होतं. पहिल्या विभागाची पाळी आहे म्हटल्यावर त्या हातापाया पडायच्या, तिथं नको म्हणून रडायच्या. काही जणी तर रस्त्यातच बाळंत होणं पत्करायच्या. आणि नवल म्हणजे, रस्त्यात बाळंत झालेल्यांना हा ताप कमी येई.

१८४६ साली इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तरुण डॉक्टर तिथं रुजू झाला. त्यानं बायांचं म्हणणं खोटं ठरवलं नाही. वह्या काढून दोन्हीकडच्या मरणांचा हिशेब मांडला. हवा खराब म्हणावी, तर हवा दोन्हीकडं तीच. गर्दीनं होतं म्हणावं, तर जास्त गर्दी सुईणींच्या विभागात. एकेक कारण असं गळत गेलं. १८४७ च्या मार्चमध्ये त्याचे एक ज्येष्ठ डॉक्टर मित्र वारले. शवविच्छेदन चालू असताना विद्यार्थ्याच्या हातातलं पातं त्यांना लागलं होतं, आणि दुखणं दिसलं ते थेट बाळंतज्वरासारखं. तेव्हा सेमेलवाइसच्या डोक्यात प्रकाश पडला. शिकाऊ डॉक्टर मुडदाघरातून निघून त्याच हातांनी बाळंतिणींना तपासत होते. सुईणी मुडदाघरात जातच नव्हत्या.

त्या मे महिन्यापासून त्यानं सर्वांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये पहिल्या विभागात शंभरात अठरा बाया गेल्या होत्या. जूनमध्ये शंभरात दोन. पुढच्या वर्षी, १८४८ मध्ये, दोन्ही विभागांचा आकडा शंभरात सव्वाच्या आसपास आला. फरकच उरला नाही.

पण बडे डॉक्टर चिडले. आपल्याच हातांनी मरण वाहून नेलं हे कोण कबूल करणार? १८४९ मध्ये सेमेलवाइसची नेमणूक संपली ती पुन्हा वाढवली गेली नाही. १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला.

या हकिगतीतली एक गोष्ट गाठीला बांधून ठेवू या. व्हिएन्नाची तुलना खरी ठरली, कारण बाई कुठं जाणार हे वार ठरवत होता. जास्त आजारी बाया एकीकडं आणि धडधाकट दुसरीकडं, असं झालेलं नव्हतं. दोन्ही पारड्यांत सारखंच धान्य होतं. आपल्याकडं तसं नसतं. साधं दुखणं प्राथमिक आरोग्य केंद्रात राहतं आणि अवघड बाळंतपण जिल्ह्याला पाठवलं जातं. मग मरणं कुठं जास्त दिसणार? हा पेच लक्षात असू द्या, पुढं तो सोडवायचा आहे.

दिवाबाईंच्या कोष्टकातली चूक

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचं नाव आपण शाळेत ऐकलेलं असतं. हातात दिवा घेऊन जखमी शिपायांची सेवा करणारी बाई. पण त्या आकड्यांच्याही मोठ्या जाणकार होत्या, हे शाळेत फारसं कुणी सांगत नाही. क्रिमियाच्या लढाईत, १८५४ नंतर, त्यांनी पाहिलं की शिपाई गोळीपेक्षा घाणीनं आणि रोगानं जास्त मरत आहेत. परतल्यावर त्यांनी हे आकड्यांनी आणि चित्रांनी सरकारपुढं मांडलं. १८६० साली लंडनला संख्याशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथं त्यांनी मागणी केली की सगळ्या रुग्णालयांनी एकाच नमुन्याचा तक्ता भरावा : किती भरती झाले, कोणत्या आजारानं, वय काय, किती बरे झाले, किती दगावले. आज आपल्या दवाखान्यात सिस्टर जी रजिस्टरं भरत बसतात, त्यांची मुळं अशी लांबवर गेलेली आहेत.

एवढ्या हुशार बाईंच्या पुस्तकातही एक कोष्टक फसलं. १८६३ मध्ये रुग्णालयांविषयीच्या त्यांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. तिच्यात विल्यम फार या नामांकित संख्याशास्त्रज्ञाचे आकडे होते. त्यांत लंडनच्या २४ रुग्णालयांचा मृत्यूदर शेकडा ९०.८४ दाखवला होता, आणि लहान गावांतल्या रुग्णालयांचा बराच कमी. म्हणजे लंडनच्या रुग्णालयात शंभर माणसं गेली तर जेमतेम नऊ परत येणार? असं कसं होईल?

घोळ भागाकारात होता. मरणं मोजली होती सबंध वर्षाची, आणि माणसं मोजली होती एका दिवशी खाटेवर असलेली. आपल्या भाषेत सांगायचं तर, समजा एका दवाखान्यात १०० खाटा आहेत आणि त्या रोज भरलेल्या असतात. वर्षभरात तिथं ४,००० माणसं भरती होऊन गेली आणि त्यांतली ९० दगावली. या ९० ला जर १०० खाटांनी भागलं, तर वाटेल शंभरातली नव्वद मेली. आणि ४,००० माणसांनी भागलं, तर शंभरात सव्वादोन. मरणं तीच, दवाखाना तोच. फक्त खालचा आकडा बदलला.

त्या काळच्या वैद्यकीय नियतकालिकांत यावरून मोठं वादंग झालं. डॉक्टरांचा दुसरा आक्षेपही रास्त होता : मोठ्या शहरातल्या रुग्णालयात जास्त गंभीर माणसं येतात, त्यांना गावाकडच्या लहान दवाखान्याशी कसं तोलता? यातून आपल्याला दोन प्रश्न मिळाले. कुणी आकडा सांगितला की पहिलं विचारायचं, 'किती जणांतले?' आणि दुसरं, 'कसल्या दुखण्याचे?'

पुढं अमेरिकेत बॉस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी आणखी एक प्रश्न जोडला : 'पुढं काय झालं?' प्रत्येक रोग्याचं एक कार्ड ठेवायचं आणि वर्षभरानं तो खरंच बरा आहे का हे पाहायचं, असा त्यांचा आग्रह होता. मोठ्या रुग्णालयाला हे मानवलं नाही. १९१४ मध्ये ते तिथून बाहेर पडले. स्वतःच्या लहानशा रुग्णालयातून १९११ ते १९१६ या काळात ३३७ रोगी घरी गेले, त्यांच्या उपचारांत १२३ चुका झाल्या, असं त्यांनी आपण होऊन छापलं. कुठल्या दवाखान्याच्या फलकावर असा आकडा आपण पाहिला आहे का?

हिशेबाची नवी रीत

आता तो पेच सोडवू या. एका दवाखान्यात गंभीर माणसं जास्त, दुसऱ्यात कमी. तुलना करायची कशी? यासाठी संख्याशास्त्रज्ञांनी जी रीत काढली, तिला ते 'मॉडेल' म्हणतात. नाव मोठं आहे, पण रीत साधी.

समजा दोन रुग्णालयं आहेत. दोन्हीकडं वर्षाला १,००० माणसं भरती होतात. पहिल्यात ९०० साधी दुखणी आणि १०० गंभीर. दुसऱ्यात ५०० साधी आणि ५०० गंभीर. सगळ्या राज्याचा हिशेब सांगतो की साध्या दुखण्यात शंभरातलं एक माणूस दगावतं आणि गंभीर दुखण्यात शंभरातली दहा. तर पहिल्या रुग्णालयात किती मरणं अपेक्षित? साध्यांतली ९ आणि गंभीरांतली १०, एकूण १९. दुसऱ्यात? साध्यांतली ५ आणि गंभीरांतली ५०, एकूण ५५.

आता प्रत्यक्षात काय घडलं ते पाहू. पहिल्यात ३० गेली, दुसऱ्यात ५०. नुसतं ऐकलं तर आपण म्हणू, पहिलं बरं, दुसरं वाईट. पण पहिल्यात १९ अपेक्षित असताना ३० गेली, म्हणजे शंभराच्या मापात १५८. दुसऱ्यात ५५ अपेक्षित असताना ५० गेली, म्हणजे ९१. काळजी करायची ती पहिल्याची. शंभर म्हणजे अपेक्षेइतकं, शंभराच्या वर म्हणजे जास्त, खाली म्हणजे कमी. हे आकडे आम्ही समजावण्यापुरते घेतले आहेत, पण रीत खरी हीच आहे. खऱ्या मॉडेलमध्ये रोग्याचं वय, मुख्य आजार, सोबतचे दुसरे आजार, अचानक आणलं की ठरवून दाखल झालं, असं पुष्कळ काही धरलेलं असतं.

इंग्लंडमध्ये प्राध्यापक ब्रायन जार्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये देशभरच्या रुग्णालयांचा असा हिशेब प्रसिद्ध केला. त्याच सुमाराला ब्रिस्टल शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाची चौकशी चालू होती. तिथं लहान मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया होत. स्टीफन बोल्सिन नावाचे भूल देणारे डॉक्टर १९८८ मध्ये तिथं आले आणि मुलं फार दगावत आहेत हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी नोंदी जमवल्या, वरिष्ठांना सांगितलं, पण दाद लागली नाही. शेवटी ते ऑस्ट्रेलियाला गेले. आईबापांनी आवाज उठवल्यावर १९९८ मध्ये सरकारी चौकशी बसली. २००१ मध्ये अहवाल आला. १९९१ ते १९९५ या काळात उघड्या हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर एक वर्षाखालची ३० ते ३५ बाळं, इतर केंद्रांच्या मानानं, जास्त दगावली, असा निष्कर्ष निघाला. डेव्हिड स्पीगलहॉल्टर आणि इतर संख्याशास्त्रज्ञांनी तो हिशेब तपासून मांडला होता. तो वेळेवर कुणी मांडला असता, तर काही घरांतले पाळणे हलते राहिले असते.

स्टॅफर्डची गोष्ट

इंग्लंडमधलंच स्टॅफर्ड हे मध्यम गाव. तिथलं रुग्णालय म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा रुग्णालयासारखंच. आजूबाजूच्या पंचक्रोशीचा सारा भार त्याच्यावर. २००६ च्या सुमारास व्यवस्थापनानं एक कोटी पौंड वाचवायचं ठरवलं आणि दीडशेहून जास्त जागा कमी केल्या. त्यांत परिचारिकाही होत्या.

२००७ च्या एप्रिलमध्ये रुग्णालयांची एक मार्गदर्शक यादी प्रसिद्ध झाली. तिच्यात स्टॅफर्डचा आकडा होता १२७. म्हणजे जिथं १०० मरणं अपेक्षित, तिथं १२७. व्यवस्थापनानं काय केलं? वॉर्डात जाऊन पाहण्याऐवजी ते कागदाच्या मागं लागले. आमच्या कारकुनांनी आजारांच्या नोंदी नीट केल्या नाहीत, म्हणून आकडा फुगला, असं त्यांचं म्हणणं. पण पुढंही इशारे येत राहिले, एकामागून एक.

त्याच वर्षी जूली बेली नावाच्या बाईंची म्हातारी आई या रुग्णालयात दाखल झाली. जूलीबाईंचं गावात छोटं उपाहारगृह होतं. आईजवळ त्या आणि घरची माणसं आठ आठवडे आळीपाळीनं बसून राहिली, कारण तिला एकटं सोडायची भीती वाटत होती. नोव्हेंबरमध्ये आई वारली. जूलीबाईंनी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, आणखी कुणाला असा अनुभव आला आहे का म्हणून. एकेक घर पुढं आलं. त्यांच्याच उपाहारगृहात बैठका भरू लागल्या. पाणी मागूनही न मिळालेली माणसं, ओल्या अंथरुणात तासन् तास पडलेली म्हातारी, न दिलेली औषधं. एकेकट्या माणसाला वाटत होतं की आपलंच नशीब खोटं. दहा जणी एकत्र बसल्यावर कळलं की हे नशीब नव्हे.

२००८ मध्ये आरोग्यसेवांवर देखरेख करणाऱ्या आयोगानं चौकशी सुरू केली. २००९ च्या मार्चमध्ये अहवाल आला. अपघात विभागात आलेल्या माणसाची पहिली पाहणी तिथल्या स्वागतिका करत होत्या, ज्यांना वैद्यकीय शिक्षणच नव्हतं. परिचारिका अपुऱ्या. हृदयाचे ठोके दाखवणारी यंत्रं काही वेळा बंद ठेवलेली, कारण ती वापरायचं कुणी शिकवलेलंच नव्हतं. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या अध्यक्षतेखाली पुढं मोठी सार्वजनिक चौकशी झाली. २०१३ च्या फेब्रुवारीत तिच्या अहवालात २९० शिफारशी आल्या.

इथं दोन्ही गोष्टींचं काम कळतं. नुसता १२७ हा आकडा होता, तेव्हा व्यवस्थापन त्यावर शंका घेऊन मोकळं झालं. नुसती एका लेकीची तक्रार होती, तेव्हा ते एका घरचं दुःख ठरलं. आकडा आणि अनुभव एकाच दिशेला बोट दाखवू लागले, तेव्हा दार उघडावं लागलं.

आकडा म्हणजे निकाल नव्हे

पण मैत्रिणींनो, गोष्ट इथं संपत नाही. वर्तमानपत्रांनी मथळे छापले की स्टॅफर्डला ४०० ते १,२०० माणसं हकनाक मेली. हा आकडा चौकशी आयोगाच्या अहवालात नव्हता. मॉडेल सांगतं की मरणं अपेक्षेपेक्षा जास्त आहेत. त्यांतलं नेमकं कुठलं मरण टळलं असतं, हे ते सांगू शकत नाही. त्यासाठी एकेक केसपेपर काढून वाचावा लागतो. घराबाहेर कुत्रं भुंकलं की उठून बघायचं असतं. भुंकण्यावरून चोराचं नाव सांगता येत नाही.

आकड्याशी खेळही करता येतो. रोग्याच्या कागदावर जास्त आजार लिहिले की अपेक्षित मरणं वाढतात, आणि दवाखाना आपोआप बरा दिसू लागतो. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या अभ्यासकांनी हीच अडचण दाखवली : वेगवेगळ्या रुग्णालयांची नोंद करायची रीतच वेगळी असेल, तर तुलना फसते. शिवाय फक्त रुग्णालयातलीच मरणं मोजली, तर अखेरच्या घटकेला माणसाला घरी पाठवून दिलं की आकडा सुधारतो. म्हणून २०११ पासून इंग्लंडमध्ये दुसरं एक मापही सुरू झालं. त्यात घरी गेल्यावर तीस दिवसांत झालेली मरणंही धरतात.

तिसरी गोष्ट लहान आकड्यांची. नाणं दहा वेळा उडवलं आणि सात वेळा छापा पडला, तर त्यात विशेष काही नाही. हजार वेळा उडवलं आणि सातशे वेळा छापा पडला, तर नाण्यात खोट आहे. तसंच, वर्षाला शंभर बाळंतपणं करणाऱ्या केंद्रात एखाद्या वर्षी एक माता दगावली, पुढच्या वर्षी एकही नाही, तर यावरून केंद्र आधी वाईट होतं आणि मग सुधारलं असं म्हणता येत नाही. ते मरण दुर्लक्षण्याजोगं मात्र मुळीच नाही. त्याची कारणं शोधायचीच. फक्त त्या एका आकड्यावर दवाखान्याला क्रमांक द्यायचा नाही. यासाठी संख्याशास्त्रज्ञ एक आलेख काढतात, नरसाळ्याच्या आकाराचा. लहान दवाखान्यांना नरसाळ्याचं रुंद तोंड मिळतं, मोठ्यांना अरुंद नळी. जो नरसाळ्याच्या बाहेर पडला, त्याची चौकशी करायची. आतल्यांत पहिला कोण आणि शेवटचा कोण, याला फारसा अर्थ नसतो.

स्टॅफर्डचा शेवट तर आपण नीट लक्षात ठेवायला हवा. रात्रीचा अपघात विभाग २०११ च्या अखेरीस बंद झाला. २०१४ मध्ये ते रुग्णालय दुसऱ्या मोठ्या संस्थेकडं गेलं आणि पुढं तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालची बाळंतपणंही तिथं थांबली. आपलं रुग्णालय जाणार या भीतीनं गावातले काही लोक जूलीबाईंवरच उलटले. त्यांना गाव सोडावं लागलं. ज्यांनी दुखणं दाखवलं, त्यांच्यावरच राग निघाला.

हा धाक आपल्यालाही ओळखीचा आहे. तक्रार केली तर आहे तो डॉक्टरही बदली करून घेईल, म्हणून आपण कित्येकदा गप्प बसतो. म्हणूनच आकडे मागताना हेतू स्पष्ट हवा. दवाखाना बंद पाडायला नव्हे, तो सुधारायला आपण आकडे मागतो.

आपल्या अंगणात

आपल्याकडं काय घडलं? ज्या वर्षी स्टॅफर्डचा आकडा प्रसिद्ध झाला, त्याच २००७ साली महाराष्ट्रात राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांपासून तिची सुरुवात झाली. गावातल्याच माणसांनी दवाखान्यात जाऊन पाहायचं, रोग्यांशी बोलायचं आणि प्रगतिपुस्तक भरायचं : चांगल्याला हिरवा रंग, मध्यमाला पिवळा, वाईटाला लाल. मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते वाचायचं. अक्षर न येणारी बाईही रंग वाचू शकत होती. ते मॉडेल नव्हतं, पण अनुभव कागदावर आणण्याची रीत होती. स्टॅफर्डच्या उपाहारगृहात जे चाललं, त्याच जातीचं ते काम.

दुसरीकडून आकड्यांचं कामही झालं. २०२१ मध्ये नीती आयोगानं देशातल्या ७०७ जिल्हा रुग्णालयांचा अहवाल काढला. आकडे २०१७-१८ चे होते, निकष दहा. लोकसंख्येच्या मानानं खाटा, डॉक्टर आणि नर्सची संख्या, तपासण्यांची सोय, खाटा किती भरलेल्या असतात, एका डॉक्टरमागं बाह्यरुग्ण किती, असे ते निकष. एक लाख लोकांमागं निदान २२ खाटा हव्यात, अशी तेव्हा शिफारस होती. देशाची सरासरी २४ निघाली. वाचून बरं वाटतं. पण तालुक्यात सरासरी इतका पाऊस झाला असं पेपरात येतं तेव्हा आपलं शिवार कोरडंच असू शकतं, तसं सरासरीचं आहे. शिवाय हे निकष मुख्यतः सांगतात की दवाखान्यात काय आहे आणि काम किती होतं. आलेला माणूस बरा होऊन गेला का, हा कॉडमन यांचा प्रश्न त्यानं सुटत नाही.

आपल्याकडं आणखी एक अडचण आहे, ती रेफरची. अवघड बाई उपकेंद्रातून ग्रामीण रुग्णालयात, तिथून जिल्ह्याला, तिथून मेडिकल कॉलेजला. जो पुढं पाठवतो त्याच्या वहीत मरण नाही. शेवटी जो घेतो, त्याच्या नावावर ते पडतं. आणि वाटेत गाडीतच जीव गेला, तर तो कुणाच्या वहीत? म्हणून माता मृत्यूच्या चौकशीसाठी २०१० मध्ये केंद्र सरकारनं ज्या सूचना काढल्या, त्यांत रुग्णालयातल्या मरणांबरोबर गावातली मरणंही धरली. घरी गेली, वाटेत गेली, तरी नोंद व्हावी आणि कारण शोधावं, हा त्यामागचा विचार. आशाताईंनी दिलेली खबर इथं फार मोलाची असते. तिच्या नोंदीविना कुठलंही मॉडेल आंधळं.

मग आपण काय करायचं? मॉडेल बांधणं आपलं काम नाही, पण योग्य प्रश्न विचारणं नक्कीच आहे. रुग्ण कल्याण समितीत, ग्रामसभेत, नाहीतर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करून आपण विचारू शकतो. गेल्या तीन वर्षांत मिळून किती बाया भरती झाल्या? त्यांतल्या किती जोखमीच्या होत्या? किती जणींना पुढं पाठवलं आणि कुठल्या कारणानं? किती माता, किती बाळं दगावली? रात्री आणि सुट्टीच्या दिवशी डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ असतात का? रक्त किती वेळात मिळतं? एका वर्षाऐवजी तीन वर्षांचं मागायचं, कारण लहान आकडे हेलकावे खातात. मरणांसोबत भरतीचा आकडाही मागायचा, कारण खालचा आकडा नसला तर वरचा बोलत नाही. आणि उत्तर मिळालं की तिथल्या सिस्टरांना, डॉक्टरांना सोबत बसवून वाचायचं. कित्येकदा अपुऱ्या माणसांनिशी तेच लोक रात्री काढत असतात, आणि त्यांनाही हे कुणीतरी विचारावं असं वाटत असतं.

व्हिएन्नाच्या बायांना गणित येत नव्हतं, पण कुठल्या विभागात मरण जास्त आहे हे त्यांना डॉक्टरांच्या आधी माहीत होतं. त्यांचं ऐकायला आणि ते मोजायला कुणीतरी वही काढली, तेव्हा फरक पडला. आपल्या गटात वही आहे, हिशेब लिहिणारी लेक किंवा सून आहे. पुढच्या बैठकीत व्याज-मुद्दल आटोपल्यावर वहीचं एक पान वेगळं काढा. गेल्या तीन वर्षांत गावातून कोण कुठल्या दवाखान्यात गेली, कशासाठी गेली, पुढं पाठवली का आणि परत आल्यावर कशी आहे, एवढंच लिहा. सुखरूप आलेल्या सगळ्या जणी आधी लिहा, त्या विसरू नका. आणि ज्या आल्या नाहीत, त्यांचीही नोंद त्याच पानावर असू द्या.